त्याला धावू द्या, घसरू देऊ नका

या वेळच्या पत्रांत पायाला भिंगरी लागलेल्या छोट्या कुत्र्यांची पत्रं इतकी आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी पशुवैद्य आहे आणि माझं रोजचं काम दुखापतीतून उठणाऱ्या कुत्र्यांना पुन्हा चालतं करण्याचं. त्यामुळे पाठीवर आणि गुडघ्यांवर जरा सविस्तर लिहिते आहे.

डॉक्टर, नमस्कार. आमची झिपरी डॅक्सहंड आहे, वय 3 वर्षं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. सोफ्यावर उडी, सोफ्यावरून उडी, दाराची बेल वाजली की पलंगावरून थेट खाली. तिच्याच वेतातल्या एका भावाची मागच्या वर्षी पाठ गेली, मागचे पाय लुळे पडले. तेव्हापासून आम्ही दोघं इतके धास्तावलो आहोत की तिला जवळजवळ दिवसभर छोट्या कुंपणात ठेवतो. फिरणं दहा मिनिटं, उड्या पूर्ण बंद. ती रडते, कुंपण ओरबाडते. आम्ही बरोबर करतोय ना?

तुमची भीती अनाठायी नाही. पण तिला कोंडून ठेवणं थांबवा. जिला काहीही दुखत नाही अशा कुत्रीला दिवसेंदिवस कुंपणात ठेवलं, तर तिची पाठ वाचत नाही. पाठीला धरून ठेवणारे स्नायू मात्र सुकत जातात.

तिच्या अंगात काय चाललं आहे ते आधी सांगते. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंचं कडं आणि आत पाणीदार, मऊ गर. उडीचा धक्का, वळताना बसलेला पीळ, हे सगळं हा गर चहूबाजूंना सारखं वाटून देतो. डॅक्सहंडमध्ये हा गर लहान वयातच बदलू लागतो. त्यातलं पाणी घटतं, कॅल्शियम साचतं. इतर कुत्र्यांत जो बदल म्हातारपणी दिसतो, तो यांच्यात पहिल्या वाढदिवसाच्या आतबाहेर सुरू झालेला असतो. खडूसारख्या कोरड्या झालेल्या गराला दाब वाटून देता येत नाही. सगळा भार कड्यावर येतो, ते कधीतरी फाटतं आणि गर थेट वरच्या मज्जारज्जूवर जाऊन दाबतो. बहुतेकदा हे 3 ते 7 वर्षं या वयात घडतं. जागाही साधारण ठरलेली असते: छातीचे शेवटचे मणके आणि कमरेचे पहिले मणके, म्हणजे बरगड्या संपतात त्याच्या आसपास. त्याच्या पुढे, छातीच्या भागात, दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना जोडणारा एक बंध मज्जारज्जूच्या खालून जातो आणि चकतीला वर येऊ देत नाही. जिथे तो बंध संपतो तिथून धोका सुरू होतो.

पाठ लांब म्हणून चकती फुटते, असं सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. फ्रेंच बुलडॉगची पाठ कुठे लांब असते? तरी त्याच्यातही हा आजार भरपूर दिसतो. पेकिंगीज, बीगल, शिह त्झू यांच्यातही दिसतो. मूळ दोष गरात आहे आणि तो जनुकातून येतो. एफजीएफ4 नावाच्या जनुकाची एक जादा प्रत या कुत्र्यांच्या 12 व्या गुणसूत्रावर असते. तिचा आणि चकतीच्या आजाराचा संबंध 2017 मध्ये उघड झाला.

म्हणजे धोका शून्यावर आणणं तुमच्या हातात नाही. झिपरीच्या भावाला झालं म्हणून तिला होणारच, असंही नाही. डॅक्सहंडांपैकी साधारण पाचात एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. उरलेले चौघं आयुष्यभर धावतात.

आता कोंडण्याबद्दल. ब्रिटनमध्ये 2015 साली डॅक्सहंड पाळणाऱ्यांची मोठी पाहणी झाली. रोज अर्ध्या तासापेक्षा कमी व्यायाम असलेल्या कुत्र्यांत पाठीचा आजार जास्त आढळला. ज्यांना फर्निचरवर चढउतार करायला मनाई होती, त्यांच्यातही तो जास्त होता. यावरून उड्या पाठीला मानवतात असा निष्कर्ष मी काढणार नाही. कदाचित ज्यांची पाठ आधीच नाजूक होती, त्यांनाच घरच्यांनी रोखलं असेल. पण हलूच दिलं नाही की पाठ सुरक्षित राहते, या समजाला त्यातून कसलाही आधार मिळत नाही. माझा रोजचा अनुभवही तेच सांगतो. दिवसभर बांधून ठेवलेलं आणि संध्याकाळी एकदम मोकळं सोडलेलं कुत्रं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतं. त्याचे स्नायू थंड असतात, अंगात साठलेला जोर मात्र पुरेपूर असतो.

म्हणून झिपरीचं चालणं वाढवा. आत्ता दहा मिनिटं आहे तर दोन वेळा दहा करा, मग दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटं घाला. दिवसाला एकूण तासभर चालणं हे तिच्यासारख्या निरोगी कुत्रीला सहज झेपतं. पहिली पाच मिनिटं संथ, मग चांगल्या लयीत. गवत, माती, सौम्य चढण असेल तर उत्तम. वास घ्यायला थांबली तर ओढू नका. डोकं खाली, पाठ सैल, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, हाही व्यायामच आहे. घरात रोज थोडा वेळ बसणं-उठणं करून घ्या: खाऊचा तुकडा दाखवून नीट चौरस बसवायचं आणि पुढे पाऊल न टाकता उभं करायचं. त्याने मांड्या आणि कंबर घट्ट होते. जमिनीवर सरळ ठेवलेल्या काठ्या एकेक पाय उचलून ओलांडायला लावणं हा आणखी एक चांगला प्रकार. काठ्या तिच्या पायाच्या घोट्याहून उंच नकोत आणि त्यावरून उडी तर नकोच, चालतच ओलांडायच्या.

बंद करायचं ते वेगळंच आहे: उंचावरून कडक जमिनीवर उतरणं, गुळगुळीत फरशीवर घसरणं, आणि पळता पळता गर्रकन वळणं. कुत्रं उभं असतं तेव्हाच त्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. खाली उडी मारताना तो कितीतरी वाढतो. पुढचे पाय टेकतात, मागचं अंग वेगात मागून येतं आणि पाठ मध्येच वाकते. त्याच क्षणी फरशीवर पाय सरकला तर पीळही बसतो. चढण्यापेक्षा उतरणं घातक ते यामुळे.

यासाठी मी सगळ्यात आधी घराची जमीन बघते. खाली रबरी पकड असलेले जाजम किंवा योगाच्या चटया घ्या आणि झिपरीच्या खऱ्या रस्त्यांवर टाका: सोफ्यासमोर, पलंगाच्या बाजूला, दारापर्यंतच्या पट्ट्यावर, जेवणाच्या भांड्यापाशी. नुसता शोभेचा गालिचा फरशीवरून सरकतो, तो नसलेला बरा. तिच्या पंजांच्या गाद्यांमधले केस महिन्यातून एकदा कापा. फरशीवर पकड घ्यायला गादीची त्वचाच टेकायला हवी. नखं इतकी ठेवा की चालताना टकटक आवाज येणार नाही. लांब नख जमिनीला लागलं की बोट वर ढकललं जातं, कुत्रं वजन मागे घेतं, आणि पाय, खांदा, पाठ सगळ्यांची ठेवण बदलते. इतक्या साध्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं.

सोफ्याला आणि पलंगाला रॅम्प लावा. बाजारातले बरेचसे रॅम्प फार उभे असतात. उंचीच्या तिपटीहून लांबी कमी नको. सोफा 45 सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प दीड मीटरच्या आसपास. पृष्ठभाग खरखरीत हवा, रॅम्प हलता कामा नये, आणि तिला बाजूने उडी मारायला जागा राहणार नाही असा तो भिंतीलगत टेकवा. शिकवताना आधी तो जमिनीवर आडवा ठेवा, त्यावरून चालली की शाबासकी, मग एक बाजू थोडी थोडी उचला. घाई केली तर ती त्यावरून कधीच जाणार नाही.

बेलसाठी वेगळं शिकवा. दारापासून दूर एक ठरलेली चटई, बेल वाजली की त्या चटईवर गेल्यावरच खाऊ. घरातल्या कोणीतरी बेल वाजवत राहायची आणि तुम्ही सराव घ्यायचा. हे जमलं की दिवसातल्या सगळ्यात वेड्या उड्या आपोआप संपतात.

आणि तिला उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या अंगाखाली, पाठ जमिनीला समांतर. बगलेत हात घालून लहान मुलासारखं उभं उचलू नका. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात काढू नका.

आमचा पॉमेरेनियन 2 वर्षांचा आहे. पळता पळता मागचा एक पाय उचलतो, तीन पायांवर चार-दोन उड्या घेतो, पाय मागे झटकतो आणि पुन्हा काही झालंच नाही असा पळू लागतो. रडत नाही, ओरडत नाही. घरचे म्हणतात सवय आहे. मला पटत नाही.

तुमचा संशय बरोबर आहे. तुम्ही लिहिलेलं वर्णन गुडघ्याची वाटी सरकण्याचं आहे, आणि इतकं नेमकं आहे की तपासताना डॉक्टरांना फार शोधावं लागणार नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, वाटी त्या खाचेत वरखाली सरकते. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा जातींत खाच उथळ असते किंवा पायाची ठेवण किंचित वाकडी असते, त्यामुळे वाटी आतल्या बाजूला निसटते. पाय झटकला की ती जागेवर येते.

याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत डॉक्टरांनी ढकलली तरच वाटी सरकते. दुसरीत ती आपली आपण निसटते आणि परतते. तुमच्या कुत्र्याचं वर्णन या पायरीशी जुळतं. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते. चौथीत बसवताही येत नाही. पहिल्या पायरीला शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. दुसरीत लंगडणं वाढत असेल तर विचार करावा लागतो, तिसरी-चौथीत ती शक्यतो करावीच. न ओरडणं म्हणजे न दुखणं नव्हे. वाटी दर वेळी काठावरून घासून जाते, त्याने कूर्चा झिजते, आणि पुढे गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचा धोकाही वाढतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर त्याच्या पळण्याचा व्हिडिओ घ्या, बाजूने आणि मागून. दवाखान्यात गेल्यावर असं कुत्रं हमखास चारही पायांवर नीट चालून दाखवतं. दिवसातून किती वेळा पाय उचलतो याची महिनाभर नोंद ठेवा, म्हणजे त्रास वाढतोय की आहे तिथेच आहे ते कळेल. वजन वाढू देऊ नका. वर झिपरीसाठी सांगितलेलं बसणं-उठणं याच्याही मांड्यांना हवं आहे, कारण वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडऱ्यातच बसवलेली असते. फक्त घसरणाऱ्या जमिनीवर करून घेऊ नका.

एक वेगळी गोष्ट या ओघात सांगून ठेवते. पिल्लू 4 ते 12 महिन्यांचं असेल, लंगडणं येऊन-जाऊन नसेल, रोज थोडं वाढतच असेल आणि मांडी बारीक दिसू लागली असेल, तर वाटीबरोबर खुब्याचाही एक्स-रे काढून घ्या. छोट्या जातींत त्या वयात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते ठिसूळ होण्याचा एक आजार असतो. वेळेत कळला तर शस्त्रक्रियेनंतर ही हलकी कुत्री फार छान चालतात.

डॉक्टरताई, मी 11 वर्षांची आहे. आमच्या टिल्लूला चेंडू खूप आवडतो. तो जॅक रसेल आहे. मी चेंडू उंच फेकते आणि तो हवेत उडी मारून पकडतो. बाबा म्हणतात त्याचे पाय दुखतील. पण त्याला दुसरं काहीच आवडत नाही. मग आम्ही खेळायचंच नाही का?

खेळायचं, रोज खेळायचं! टिल्लूला खेळायला कोणी नसेल तर तो घराचं काय करेल ते तुला माहीत असेलच. पण बाबांचं म्हणणं समजून घे. हवेत उडी मारताना टिल्लूचं लक्ष चेंडूवर असतं, खाली उतरायचं आहे हे त्याच्या डोक्यातच नसतं. मग तो कधी वाकडा उतरतो, कधी फक्त मागच्या दोन पायांवर. शिवाय चेंडू आवडणारी कुत्री दमली तरी थांबत नाहीत. म्हणून कधी थांबायचं ते तू ठरवायचंस.

मी सांगते तसं करून बघ. आधी पाच मिनिटं त्याला पट्टा लावून चालव, म्हणजे अंग गरम होईल. मग चेंडू वर फेकायचा नाही, गवतावर किंवा मातीवर गडगडत सोडायचा. आणखी चांगलं म्हणजे टिल्लूला ‘थांब’ म्हणायचं, चेंडू जाऊन पडू द्यायचा, आणि मग सोडायचं. चेंडू स्थिर असला की तो सरळ धावत जाऊन उचलतो, करकचून ब्रेक लावावा लागत नाही. दहा वेळा झालं की दुसरा खेळ: तो दुसऱ्या खोलीत असताना चेंडू लपव आणि ‘शोध’ म्हण. नाकाने शोधायच्या खेळात कुत्री किती दमतात ते बघून तुला आश्चर्य वाटेल. दोरी ओढायचा खेळही चालेल, पण दोरी त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेव. वर उचलून त्याला लोंबकळवायचं नाही, डावी-उजवीकडे झटकायचं नाही.

आणि त्याला कडेवर घेतलंस की तुझ्या हातातून त्याला खाली उडी मारू देऊ नकोस. छोट्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची हाडं बारीक असतात, मनगटाच्या वरच्या भागात त्यांना रक्तही कमी मिळतं, त्यामुळे मोडली तर जुळायला फार वेळ लागतो. खाली बसून त्याला उतरव.

माझा पग 11 किलोचा आहे. आधी 8 होता. चढताना धापा टाकतो, सकाळी उठल्यावर मागचे पाय ताठ असतात. सांध्यांची पावडर चालू केली आहे, ग्लुकोसामाइनची. वजनासाठी जास्त पळवावं म्हणते, पण तो पळत नाही.

आधी वजन, मग पावडर. 8 किलोच्या कुत्र्यावर 3 किलो म्हणजे शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओझं तो दिवसरात्र वाहतो आहे. चरबी नुसतं ओझं नसते, तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं सतत रक्तात येत राहतात आणि सांधे आतूनही बिघडतात.

या बाबतीत एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला भरपूर खाणं, आणि त्याच्या जोडीदाराला त्याच्याहून 25 टक्के कमी, असं त्यांना आयुष्यभर वाढवलं गेलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान 13 वर्षं आणि जास्त खाणाऱ्यांचं 11.2 वर्षं निघालं. सडपातळ गटाला संधिवातासाठी औषधं सुरू करायची वेळही पुष्कळ उशिरा आली. कुत्री मोठ्या जातीची होती हे खरं, पण सांध्यांवरच्या ओझ्याचं गणित तुमच्या पगलाही लागू आहे.

त्याला पळवू मात्र नका. ताठ सांधे, वाढलेलं वजन आणि चपटं नाक असताना पळणं धोक्याचं. दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या, थंड वेळी, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बसणाऱ्या हार्नेसवर. वजन खाण्यातून उतरतं. त्याचं खाणं डोळ्यांच्या अंदाजाने देऊ नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. दिवसाचा खाऊ एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत. घरातली माणसं वेगवेगळी भरवत असतील तर सकाळीच दिवसाचा वाटा एका डब्यात काढा आणि सगळ्यांनी त्या डब्यातूनच द्यायचं. आठवड्याला त्याच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के घट पुरेशी आहे. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागायला हव्यात आणि वरून बघितल्यावर कंबर दिसायला हवी. मुक्कामाचा आकडा डॉक्टरांबरोबर ठरवा.

ग्लुकोसामाइनचा पुरावा कमजोर आहे. नुकसान सहसा होत नाही, पण त्यावर विसंबून मूळ उपाय लांबणीवर पडतो, माझी तक्रार तेवढीच. संधिवातात माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चा पुरावा त्याहून चांगला आहे. मात्र तेही तेलच, त्याच्या कॅलरी मोजा आणि मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. सकाळचा ताठपणा काही आठवड्यांनंतरही टिकला तर वेदनेवर औषध हवं. दुखत असलेलं कुत्रं हलत नाही, आणि हललं नाही की वजन उतरत नाही.

परवा रात्री आमचा 5 वर्षांचा शिह त्झू कोपऱ्यात कमान करून बसला. थरथरत होता, पोट दगडासारखं घट्ट. पोटदुखी वाटली म्हणून काही खायला दिलं नाही. सकाळी बरा वाटला. पुन्हा असं झालं तर आमच्याकडची दुखण्यावरची गोळी देऊ का? आणि धावत डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तातल्या लाल पेशींवर जातं. छोट्या कुत्र्याला माणसाची एक गोळी म्हणजे फार मोठी मात्रा. आणखी एक अडचण अशी की तुम्ही एक औषध देऊन बसलात आणि डॉक्टरांना स्टेरॉइड द्यायचं असेल, तर दोन्ही एकत्र पोटात गेल्याने आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. जे काही दिलं असेल ते पहिल्या वाक्यात डॉक्टरांना सांगा.

तुम्ही वर्णन केलेलं चित्र पाठदुखीचं असण्याची शक्यता मोठी आहे. पाठ दुखणारं कुत्रं पाठ सांभाळायला पोट आवळून धरतं, म्हणून ते पोटदुखीसारखं दिसतं. हा घोटाळा फार घरांत होतो आणि त्यात मौल्यवान वेळ जातो. सकाळी बरा वाटला तरी त्याला याच आठवड्यात दाखवा, आणि तोपर्यंत उड्या, जिने, खेळ सगळं बंद. झिपरीला मी मोकळं करा म्हटलं, कारण तिला दुखत नाही. याला दुखून गेलं आहे, त्यामुळे याचा नियम वेगळा.

आता धोक्याच्या खुणा. मागचे पाय डुलतात, एकमेकांत अडकतात, नखं जमिनीवर घासल्याचा आवाज येतो, पंजा उलटा पडतो आणि तो सरळ करत नाही: त्याच दिवशी डॉक्टर. आधार दिल्याशिवाय उभाच राहत नाही, मागचे पाय ओढतो, लघवी तुंबते किंवा नकळत गळते: त्याच तासाला, रात्र असली तरी. शस्त्रक्रिया होऊ शकते आणि एमआरआयची सोय आहे अशा ठिकाणाचा पत्ता आजच शोधून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध करण्यात तास जातात.

तासांना इतकं महत्त्व का, तर डॉक्टर बोटाच्या हाडाला जोरात चिमटा घेऊन खोल वेदना कळते का ते बघतात. पाय चालत नाहीत पण वेदना कळते, अशी दहातली नऊ कुत्री शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालतात. वेदनाच कळेनाशी झाली की हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. पायाला चिमटा घेतल्यावर त्याने पाय आखडला म्हणजे वेदना कळली, असं घरी समजू नका. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. त्याने वळून बघितलं, कण्हला, चावायला आला, तर ती कळली. हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

नेताना त्याला चालवू नका. एखादी सपाट फळी किंवा पेटीचं कडक झाकण त्याच्या अंगाखाली सरकवा, वरून चादरीने सैल बांधा, आणि गाडीत कोणीतरी शेजारी बसून हात ठेवा. दुखण्यात अत्यंत प्रेमळ कुत्रंही चावतं, तेव्हा तोंडाजवळ चेहरा नेऊ नका.

चालता येतं, फक्त दुखतं किंवा किंचित डुलतो, अशी बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेविना बरी होतात. त्याची किंमत मात्र कडक विश्रांती. निदान 4 आठवडे पिंजरा: उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल इतकाच मोठा. बाहेर फक्त लघवी-शीसाठी, पट्ट्यावर, काही मिनिटं. औषधाने तिसऱ्या दिवशी वेदना कमी होते आणि तो पुन्हा उड्या मारायला बघतो. घात होतो तो इथे, कारण वेदना थांबली तरी फाटलेलं कडं अजून भरलेलं नसतं. या दिवसांत त्याला गुंतवायला खाऊ भरून चाटायची खेळणी द्या, पिंजरा घरातल्या वावराच्या जागी ठेवा, पण हट्टापुढे झुकू नका. चार आठवड्यांनंतरही मोकळीक हळूहळूच, पट्ट्यावर पाच मिनिटांपासून.

आम्हाला डॅक्सहंडचं पिल्लू घ्यायचं आहे. पाठ चांगली असलेलं कसं ओळखायचं?

पिल्लू बघून ओळखता येत नाही, आईबाप बघा. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडमध्ये पैदाशीच्या डॅक्सहंडांच्या पाठीचे एक्स-रे 24 ते 48 महिन्यांच्या वयात काढतात आणि किती चकत्यांत कॅल्शियम साचलं आहे ते मोजतात. ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. ज्या जोडीत अशा चकत्या कमी, तिची पिल्लं पाठीच्या दृष्टीने जास्त भरवशाची. म्हणून पैदास करणाऱ्याकडे आईबापांचे त्या वयातले एक्स-रे मागा आणि आई, बाप, आजी-आजोबांपैकी कोणाची पाठ गेली होती का ते विचारा. आईचं वय 2 वर्षांहून कमी असेल, तर तिची पाठ कशी आहे हे कोणालाच कळलेलं नसतं. तिथलं पिल्लू घेऊ नका. पोट जमिनीला टेकेल इतक्या आखूड पायांचं पिल्लू कौतुकाने दाखवलं जाईल, त्याला भुलू नका. आणि प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो, त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परत या.